लाडवाचा हिशेब

धुणीभांडी आटोपून निवांत ऐकत असाल, नाहीतर भाकरी थापता थापता. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आमच्या बचत गटातल्या आम्ही सहाजणी गेली दोन वर्षं दर शनिवारी गावातल्या हायस्कूलमध्ये जातो. आठवी-नववीच्या मुलामुलींची एक तासिका आमच्याकडे असते. शाळेच्या पत्रात तिला 'व्यवस्थापन व विपणन कौशल्ये' असं भारदस्त नाव दिलंय. विपणन हा शब्द आम्ही बाजारात कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तिथं आपण 'माल खपवणं' म्हणतो. पण माल खपवणं वेगळं आणि नीट विकणं वेगळं, आणि हा फरक पोरांना चौदा-पंधराव्या वर्षीच कळावा अशी आमची धडपड. आमच्यातल्या दोघी दहावी झालेल्या, बाकीच्या त्याच्या अलीकडे थांबलेल्या. चटण्या, पापड, कुरडया विकताना जे हाताला लागलं ते मुलांपुढं ठेवायचं, एवढंच आमचं भांडवल.

तुमच्याही गावच्या शाळेत हिवाळ्यात 'आनंद बाजार' भरत असेल. मैदानात फक्कीच्या रेघा मारायच्या, पोरांनी पोती-चटया अंथरायच्या, कुणी भेळ, कुणी वडे, कुणी परसातली कोथिंबीर घेऊन बसायचं. सरपंच येऊन पाच रुपयांचा चहा पन्नासची नोट देऊन पितात, फोटो निघतो. दुपारी सर फळ्यावर लिहितात: अमक्याला नफा इतका, तमकीला इतका. टाळ्या होतात. चांगलंच आहे की, आम्ही नाव ठेवत नाही. चार माणसांसमोर 'घ्या हो घ्या' म्हणून ओरडायची भीड तिथं मोडते, हे काही थोडं नाही. पण त्या फळ्यावरच्या नफ्याकडे एकदा जवळ जाऊन बघायला हवं.

नववीतल्या एका मुलीनं शेंगदाण्याचे लाडू आणले होते. पन्नास लाडू, पाच रुपयांना एक. सगळे संपले. तिच्या वहीत लिहिलं होतं: गूळ ३० रुपये, विक्री २५० रुपये, नफा २२०. वर्गात पहिला नंबर. पुढच्या शनिवारी आम्ही तिची वही फळ्यावर घेतली. विचारलं, "शेंगदाणे कुठले गं?" म्हणाली, "घरचेच, रानातले." किती? एक किलो. दुकानातून आणले असते तर? कुणीतरी मागून ओरडलं, "एकशेचाळीस!" लिहिले १४०. गॅस? तो कोण मोजतो, म्हणून सगळी हसली. आम्ही २० लिहिले. कागद आणि पिशव्या, १०. मग विचारलं, "भाजले कुणी? सोलले, कुटले, वळले कुणी?"

"आईनं."

"किती वेळ?"

तिनं आठवून सांगितलं, रात्री जेवणं झाल्यावर बसली होती, अडीच तास तरी गेले असतील. तिची आई खुरपणीला जाते तेव्हा सात तासांचे २८० रुपये मिळतात, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण निम्म्या वर्गाच्या आया त्याच रानांत जातात. म्हणजे तासाला ४०. अडीच तासांचे १००. आता करा बेरीज: गूळ ३०, शेंगदाणे १४०, गॅस २०, पिशव्या १०, मजुरी १००. झाले तीनशे. विक्री अडीचशे. पन्नास रुपये तोटा.

वर्ग गप्प झाला. पहिला नंबर गेला म्हणून पोरगी रडेल असं आम्हाला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "मावशी, मग आईला रोजच तोटा होतोय का?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला आम्ही वर्गात उत्तर दिलं नाही. ज्याला त्याला घरी न्यायला सांगितलं.

पुस्तकातल्या गणिताचं कसं असतं, बघा. एक व्यापारी अमुक रुपयांचा माल घेतो, वाहतूक देतो, हमाली देतो, मग विकतो. नफा काढा. आपल्या मुलांना हे सहावी-सातवीपासून येतं. पुढं आठवीला सूट आणि कमिशन आहे, नववी-दहावीला अर्थनियोजन नावाचा धडाच आहे. पुस्तपालन मात्र थेट अकरावीला, तेही कॉमर्स घेतलं तर. त्या व्यापाऱ्याच्या गणितात हमालाला पैसे मिळतात, टेम्पोवाल्याला मिळतात. रात्री दिव्याखाली बसून शेंगा सोलणारी बाई त्या गणितात येतच नाही. गणितात नाही, म्हणून वहीत नाही. वहीत नाही, म्हणून भावात नाही.

यावर काही आयांनी आमच्याशी भांडण काढलं. एकजण गटाच्या बैठकीत म्हणाली, "पोरगी रात्री मला विचारत होती, आई तुझा तास कितीला? आता आईच्या कामाचाही दर लावायचा का?" तिचा राग आम्हाला कळतो. पोरांसाठी केलेल्या भाकरीचं बिल कुणी फाडत नाही, फाडूही नये. पण तोच हात जेव्हा बाजारासाठी राबतो, तेव्हा तो मोजलाच पाहिजे, नाहीतर भाव खोटा पडतो. आपण प्रदर्शनात स्टॉल लावतो तेव्हा शहरातल्या बाया काय म्हणतात? "घरीच तर केलंय, कमी करा की थोडे." आणि आपणही लगेच दहा रुपये उतरतो, कारण आपल्यालाच आतून वाटत असतं की खरंच की, घरीच तर केलंय. ही सवय लग्नानंतर लागत नाही, ती शाळेतल्या आनंद बाजारातच लागते. म्हणून आम्ही तिथंच धरली.

मग लाडवाचं काय केलं? पोरांनीच तोड काढली. भाव सहाच्या खाली परवडत नाही, हे भागाकारानं कळलं. सात किंवा आठ रुपये ठेवले तर सुट्ट्यांची बोंब, कारण शाळेत बहुतेकांच्या खिशात दहाचं नाणं असतं. तेव्हा लाडू मोठा करायचा आणि दहाला विकायचा. सोळाशे ग्रॅम माल, पन्नास ग्रॅमचा एक, बत्तीस लाडू, ३२० रुपये. आईची मजुरी सुटून वर २० रुपये. कुणी म्हणालं की चाळीस ग्रॅमचाच करू, चाळीस लाडू होतील, चारशे येतील. त्यावर एक आठवीतला बारका म्हणाला, "पाचाचा लाडू मी खाल्लाय. दहाला एवढाच दिला तर मी परत येणार नाही." गिऱ्हाइकाचं मन ओळखा म्हणून मोठमोठ्या संस्थांत फी भरून शिकवतात म्हणे. ते त्या बारक्याला फुकट येत होतं.

अशी शाळा काही आम्ही शोधून काढली नाही. हातानं काम करता करता शिकणं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद घेऊन नई तालीम मांडली ती याच विचारानं. आपल्या साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली, तिच्यावरून चालत किती गरीब घरची पोरं शिकली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत पोचला. त्यात वर्कशॉप आहे, शेती-पशुपालन आहे, ऊर्जा आहे, घर-आरोग्य आहे. अलीकडे दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ पासून उद्योजकतेचा तास आला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना धंदा करून बघायला प्रत्येकी दोन हजारांपर्यंत बीजभांडवल दिलं गेलं. ते मोठ्या शहराचं झालं. आमच्या माणदेशात पाऊस कमी, पैसा त्याहून कमी. आम्ही आमच्या मापानं घेतलं.

सगळ्यात जास्त शिकणं झालं ते आठवडी बाजारात. आम्ही मुलांना दोघा-दोघांच्या जोड्या करून, वही-पेन देऊन तासभर सोडलं. अट एकच: काही विकत घ्यायचं नाही आणि कुणाच्या धंद्यात आडवं यायचं नाही. नुसतं बघायचं, ऐकायचं, लिहायचं. एका जोडीनं लिहून आणलं की लिंबवाला कधीच वजनानं विकत नाही, दहाला पाच, दहाला सहा असं विकतो, आणि संध्याकाळी तेच दहाला आठ होतात. दुसऱ्या जोडीनं एका आजीचे वाटे बघितले. आजीनं टोमॅटोचे वाटे लावले होते, प्रत्येक वाट्यावर एक लालभडक, खाली जरा मऊ पडलेले. गिऱ्हाईक आलं की आजी वर दोन मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी टाकायची. पोरांनी मोजलं, कढीपत्ता मिळालेल्या गिऱ्हाइकांपैकी कुणीच पुढच्या पालवर जाऊन पुन्हा भाव विचारला नाही.

एका मुलीला कासाराचं नवल वाटलं. बाकी सगळे ओरडून बोलवतात, तो ओरडतच नाही. त्यानं फक्त एक सतरंजी टाकलेली. बाई बसली, तिचा हात त्यानं हातात घेतला की ती उठून जात नाही, आणि ती बसलीय म्हणून आणखी चार बसतात. मुलीनं वहीत लिहिलं, 'बसायला जागा दिली की गिऱ्हाईक टिकतं.' पुढच्या आनंद बाजारात तिच्या गटानं भेळेच्या स्टॉलपुढं शाळेचे दोन बाक आणून ठेवले. भेळ काही विशेष नव्हती, खरं सांगायचं तर चिंच जास्त झाली होती. पण गर्दी तिथंच.

आजीच्या त्या लाल टोमॅटोवरून वर्गात जोराचा वाद झाला. ही फसवणूक आहे की नाही? निम्मे म्हणाले, आहे. निम्मे म्हणाले, वाटा समोरच आहे, उचलून बघावा की. एक मुलगा म्हणाला, "आपण पाहुणे आले की चांगली चादर वर घालतो, ती काय फसवणूक आहे?" आम्हाला हे आवडलं. तरी आम्ही आमचं मत सांगितलं: गिऱ्हाइकानं खालचं मागितलं आणि तुम्ही दाखवलं, तर ती मांडणी, दाखवायला नाही म्हणालात, तर ती लबाडी. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण आजीला विचारायला ती पोरं पुढच्या आठवड्यात परत गेली. आजीनं त्यांना टोमॅटो फेकून मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

मांडणीसारखंच लेबलचं. मुलांना लेबल करायला फार आवडतं, रंगीत पेनं निघतात. जवसाच्या चटणीच्या पाकिटावर एका गटानं लिहिलं होतं, '१०० टक्के शुद्ध, नैसर्गिक, साखरेच्या आजारावर गुणकारी.' कुठून आणलं? मोबाइलवरून. आम्ही विचारलं, शंभर टक्के कुणी तपासलं? आणि तुमच्या चटणीवर भरवसा ठेवून एखाद्या आजोबांनी गोळी बंद केली तर? आजार बरा होतो असं खायच्या वस्तूवर लिहिणं कायद्यानंही चालत नाही. खोडायला लावलं. मग काय लिहायचं? वस्तूचं नाव, आत काय काय आहे, वजन, कधी केली, किती दिवस टिकेल, किंमत, कुणी केली आणि तक्रार असली तर कुणाला सांगायची. एवढं खरं लिहायला बसलं की रंगीत पेनाला जागाच उरत नाही. शाळेच्या मैदानापुरतं हे पुरतं, पण पुढं खरोखर धंदा करायचा तर घरगुती खाद्यपदार्थांनाही अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते, हे आम्ही आमच्या गटाचं प्रमाणपत्र वर्गात नेऊन दाखवलं. वजनाचंही तसंच. शंभर ग्रॅमचं पाकीट म्हणून दिलेली पाच पाकिटं किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, दोन त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची निघाली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, चमच्यानं अंदाजे भरलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या लेखी मुद्दाम काय आणि चुकून काय.

आता व्यवस्थापनाकडं येऊ, म्हणजे कुणी काय करायचं त्याकडं. पहिल्या वर्षी मुलांना आपापसात कामं वाटून घ्या म्हटलं. तर न सांगता काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. गल्ल्यावर मुलगे. हाका मारायला मुलगे. चिरायला, कालवायला, आणि शेवटी पातेली घासायला मुली. 'मॅनेजर' म्हणून ज्याचं नाव लिहिलेलं तो खिशात हात घालून फिरत होता. आम्ही ओरडलो नाही. दुसऱ्या वर्षी नियमच केला की दर बाजाराला चिठ्ठ्या टाकायच्या आणि मागच्या वेळचं काम पुन्हा घ्यायचं नाही. गल्ला, खरेदी, करणं, विकणं, धुणं, हिशेब. एका मुलाच्या वाट्याला पातेली आली, तर त्याचे वडील शाळेत आले. मुख्याध्यापकांनी त्यांना शांतपणे चहा दिला आणि सांगितलं की हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात पोरं हेच करायला लाखभर रुपये भरतात. वडील चहा पिऊन गेले. कामं फिरवल्यावर आणखी एक झालं. जो मागच्या वेळी करायला होता तो विकायला बसला की गिऱ्हाइकाला नीट उत्तर देतो: तिखट किती आहे, तेल कुठलं आहे. आणि जो गल्ल्यावर होता त्याला चिरताना कळतं की कांदा वाया किती जातो.

मुलींना गल्ल्यावर बसवल्यावर उधारीचा प्रश्न समोर आला. भेळेच्या एका गटाची विक्री ४८० रुपये, डब्यात निघाले ३९५. पंच्याऐंशी रुपये कुठं? 'उद्या देतो' म्हणून गेलेले. त्यातले बरेचसे वरच्या वर्गातले दादा लोक, थोडे मोठी माणसं. वहीत नावं होती, पण मागायचे कुणी? गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "मला लाज वाटते." लाज बघा कुणाला वाटते: ज्यानं खाल्लं त्याला नाही, जिचे पैसे आहेत तिला. आम्ही त्या तासाला दुसरं काहीच घेतलं नाही. एकीनं दुकानदार व्हायचं, एकानं उधारी बुडवणारा, आणि नुसतं मागायचा सराव. ओरडायचं नाही, रडायचं नाही, हसून सोडून द्यायचं नाही. "दादा, शुक्रवारचे पंधरा राहिलेत. आत्ता देता का मधल्या सुट्टीत?" एवढंच. दहा-दहा वेळा म्हणायला लावलं. त्या आठवड्यात ८५ पैकी ७० वसूल झाले. पंधरा बुडाले, ते बुडीत म्हणून वहीत लिहिले. आमच्या गटात एकजण आहे, तिचे दिवाळीच्या चिवड्याचे पैसे गेली दोन वर्षं अडकलेत. ती मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. पुढच्या मंगळवारी तीही जाऊन मागून आली.

पैसे मोबाइलवर घ्यायचे का, यावरही बोलणं झालं. मुलांची स्वतःची खाती नव्हती, म्हणून एका गटानं घरचा क्यूआर कोड छापून आणला. पैसे भराभर आले. संध्याकाळी वाटणी करायला बसले तेव्हा लक्षात आलं की ते सगळे एका मुलीच्या वडलांच्या खात्यात गेलेत, आणि वडील ट्रक घेऊन बाहेरगावी. आठ दिवस पैसे नाहीत, पुढचा माल नाही. विक्री झाली आणि भांडवल अडकलं म्हणजे काय, ते त्यांना तिथं कळलं. आपल्या गटातल्या बायांनीही जरा आठवून बघा, तुमच्या पापडाच्या पाकिटावरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे.

भांडवलाचं म्हणाल तर आम्ही मुलांना फुकट पैसे देत नाही. आमच्या गटातून प्रत्येक गटाला ३०० रुपये कर्ज, वर्गशिक्षकांच्या सहीनं, महिन्याला दोन टक्के, जसं आम्हा बायकांना असतं तसंच. महिन्यानं ३०६ परत. सहा रुपयांत कुणी मरत नाही, पण ते सहा रुपये कुठून काढायचे यावर जी डोकी चालतात ती बघण्यासारखी असतात. घरून पैसे आणायला मात्र बंदी. कारण घरून आणा म्हटलं की ज्याच्या घरात आहे तोच दुकानदार होतो आणि बाकीचे नुसते बघे. ऊसतोडीला आईबाप गेलेली, आजीजवळ राहणारी पोरं आमच्या वर्गात आहेत. त्यांना आनंद बाजाराच्या दिवशी पोट दुखतं. पोट का दुखतं ते सांगायला नको.

त्यातल्याच एका मुलाचा धंदा आम्हाला सगळ्यात पक्का वाटला. त्याला सायकलचं पंक्चर काढता येतं. त्यानं कर्जातून सोल्यूशनची ट्यूब आणि ठिगळांची रबर घेतली, आणि झाडाखाली पाण्याची परात घेऊन बसला. माल नासायची भीती नाही, उरला तर पुढच्या वेळी चालतो. भाव दुकानाएवढाच लावला. सर म्हणाले, "शाळेतल्या शाळेत जरा कमी घे की." तो म्हणाला, "सर, पंक्चर तेवढंच मोठं आहे." दाप्तराची चेन शिवून देणारी, मेंदी काढणारी, अर्ज स्वच्छ अक्षरात भरून देणारा, असे मग आणखी निघाले. हातातलं कसब हाही माल आहे, हे कळायला भेळेचा स्टॉल उपयोगाचा नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतात. एक, पोरं दहावीच्या तोंडावर आहेत, हे खेळ कशाला. त्यावर आम्ही एवढंच सांगतो की आठवड्याची एक तासिका आहे, आणि शेकडेवारी इथं जितकी पक्की होते तितकी क्लासमध्ये होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना हातचं काम शिकायला द्यावेत असं म्हटलंय. दुसरा आक्षेप आम्हालाही खरा वाटतो. सगळ्यांनाच दुकानदार करायचंय का? शाळेचा बाजार करायचा का? नाही करायचा. म्हणून 'सर्वांत जास्त नफा' हे बक्षीस आम्ही शाळेला बंद करायला सांगितलं. नफ्याला बक्षीस ठेवलं की पोरं तेल बदलतात, माप मारतात, आईची मजुरी पुन्हा पुसून टाकतात. आता बक्षीस हिशेबाच्या सर्वांत चोख वहीला आहे. तोटा झाला तरी चालतो, तो लिहिलेला पाहिजे. गेल्या वर्षी ते बक्षीस चाळीस रुपये तोटा झालेल्या कोथिंबीरवाल्यांना गेलं. त्यांनी शिळ्या जुड्या किती टाकल्या तेही लिहिलं होतं.

आणि धंदा करायचाच नाही त्यालाही हे लागतं. नववीतल्या एका मुलाच्या घरी डाळिंबाची बाग आहे. व्यापारी येतो, बाग बघतो, उभा सौदा करून जातो. मुलानं लाडवाचा हिशेब घरी जाऊन बागेला लावला. खत, फवारणी, छाटणीची मजुरी, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर. वडील आधी भडकले, "शाळेत हे शिकवतात का तुला?" पोरगं गप्प बसलं, पण वही मिटली नाही. चार दिवसांनी वडलांनीच औषधाच्या दुकानाच्या पावत्या भरलेली प्लास्टिकची पिशवी माळ्यावरून काढून त्याच्यापुढं टाकली. तीन वर्षांच्या पावत्या होत्या, एकदाही बेरीज न केलेल्या. पोरगं दिवाळीच्या सुट्टीभर त्यातच होतं. त्या पिशवीत सगळी कागदं होती, फक्त आईच्या आणि आजीच्या कामाची पावती नव्हती. ती दोघींना विचारून विचारून त्यानं लिहून काढली. किलोला किती पडलं तो आकडा आम्ही इथं सांगणार नाही, तो त्यांच्या घरचा आहे. यंदा व्यापारी आला तेव्हा वडलांनी वही मागवून घेतली आणि सौद्याला पोराला शेजारी बसवलं, एवढं सांगतो.

तुमच्या गावात कुणाला असं सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. मुख्याध्यापकांना भेटा, शनिवारची एक तासिका मागा. सहा-सहा मुलांचे गट, गटाला एक दोनशे पानी वही, डावीकडं आलेले आणि उजवीकडं गेलेले पैसे. पहिले दोन महिने काही विकू नका, नुसतं बाजारात फिरवा. वहीत 'घरचं' असा शब्द दिसला की तिथं बोट ठेवून विचारा, घरचं म्हणजे कुणाचं.

आमच्या शाळेचा पुढचा बाजार येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मैदानात आहे. लाडू दहालाच आहे, यंदा तीळही घातलेत. पंक्चरवाला झाडाखाली बसेल, सायकली घेऊन या. येताना सुट्टे पैसे आणा, गल्ल्यावर यंदा कोण बसणार त्याची चिठ्ठी निघालीय, आणि ती मुलगी उधार देत नाही.